फोटो कुणाचा? कॅरी मे वीम्स आणि कॅमेऱ्याच्या मालकीचा इतिहास

आपल्या वस्तीतल्या कुठल्याही घरात जा, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो. कोट, टाय, चष्मा, सरळ रोखलेली नजर. शेजारी तथागत. आता त्याच घरात आजोबांचा फोटो मागून बघा. बऱ्याच घरांत तो नसतो. असलाच तर गिरणीच्या पासावरून किंवा मतदार ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला असतो, आणि स्टुडिओवाल्याने त्याला मयतीनंतर कोट चढवलेला असतो. पणजीच्या फोटोचा तर प्रश्नच येत नाही.

मग आपल्या माणसांचे फोटो कधी निघालेच नाहीत का? निघाले. पण ते आपल्या घरात नाहीत. ते इंग्रजांच्या ग्रंथांत आणि संग्रहालयांच्या कपाटांत आहेत. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड लंडनमध्ये छापले गेले. त्यात या देशातल्या लोकांचे चारशेहून अधिक फोटो आहेत. बहुतेक फोटोंखाली जातीचं किंवा जमातीचं नाव आहे, माणसाचं नाव नाही. बसवलेला माणूस खराखुरा होता, त्याला आईबाप होते, नाव होतं. पण फोटो काढणाऱ्याला त्याची गरज वाटली नाही. त्याला माणूस नको होता, नमुना हवा होता.

म्हणून आमचा प्रश्न आहे: फोटो कुणाचा? ज्याने काढला त्याचा, ज्याच्या कपाटात आहे त्याचा, की ज्याचा चेहरा त्यात आहे त्याचा? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलावंत कॅरी मे वीम्स यांनी फोटो आणि फिल्मच्या माध्यमातून चाळीसेक वर्षं याच प्रश्नाशी झुंज दिली आहे. आंबेडकरी तरुणांनी त्यांचं काम नीट समजून घ्यावं असं आम्हाला वाटतं. त्यामागे परदेशी कलेचं कौतुक नाही. त्यांनी जी वाट काढली ती आपल्याला आज, मोबाइल हातात असताना, फार गरजेची आहे.

१८५०: नमुना बनवलेली माणसं

गोष्ट वीम्स यांच्या जन्माच्या शंभर वर्षं आधी सुरू होते. लुई अगासीझ हा मूळचा स्वित्झर्लंडचा निसर्गशास्त्रज्ञ. १८४६ साली अमेरिकेत आला आणि हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाला. मासे आणि हिमनद्या यांवरच्या अभ्यासामुळे त्याचं नाव जगभर होतं. पण त्याचा आणखी एक सिद्धांत होता: सगळी माणसं एका मुळातून आलेली नाहीत, वेगवेगळे वंश वेगवेगळे निर्माण झाले, आणि काळा माणूस गोऱ्या माणसाच्या खालचा आहे. गुलामांच्या मालकांना असला सिद्धांत हवाच होता. धर्मग्रंथाच्या आधारावर गुलामगिरीचं समर्थन करताना अडचण यायची, कारण बायबलात सगळे आदमची लेकरं. आता विज्ञान मदतीला आलं.

या सिद्धांताला पुरावा हवा म्हणून १८५० च्या मार्च महिन्यात दक्षिण कॅरोलिनातल्या कोलंबिया शहरात जोसेफ झीली नावाच्या फोटोग्राफरकडून सात गुलाम स्त्री-पुरुषांचे फोटो काढून घेतले गेले. रेंटी आणि त्यांची मुलगी डेलिया, जॅक आणि त्यांची मुलगी ड्राना, शिवाय आल्फ्रेड, फसेना आणि जेम. त्यांचे कपडे उतरवले गेले. काहींना पूर्ण नग्न उभं केलं, समोरून, बाजूने, मागून. बापाचा फोटो काढला आणि लेकीलाही तसंच कॅमेऱ्यासमोर बसवलं. नाही म्हणायचा अधिकार त्यांना नव्हता, कारण कायद्याने ती माणसंच दुसऱ्याच्या मालकीची होती.

त्या काळातला फोटो म्हणजे डॅगेरोटाइप. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर थेट उमटलेली प्रतिमा. त्याला निगेटिव्ह नसते, दुसरी प्रत निघत नाही. म्हणजे ज्याच्या हातात तो पत्रा, त्याच्याच हातात तो चेहरा. हे पंधरा पत्रे हार्वर्डच्या संग्रहालयात गेले आणि विस्मरणात पडले. १९७६ साली पीबॉडी संग्रहालयाच्या माळ्यावर ते पुन्हा सापडले. तेव्हापासून हार्वर्ड त्यांचा मालक म्हणून वावरत होतं. फोटो वापरायचा तर परवानगी हार्वर्डची.

सुरुवात स्वतःच्या घरापासून

कॅरी मे वीम्स यांचा जन्म १९५३ चा, ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडचा. घराणं मूळचं दक्षिणेतलं. गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही गोऱ्या जमीनदाराची जमीन बटईने कसणारी, कर्जात बुडालेली माणसं. त्यांचे आजोबा फ्रँक वीम्स हे आर्कान्सा राज्यात बटईदारांच्या संघटनेत होते. १९३६ च्या संपात गोऱ्या टोळक्याने त्यांना इतकं मारलं की ते मेले असंच सगळ्यांनी धरलं. ते जिवंत होते. लपतछपत उत्तरेकडे शिकागोला पोहोचले. आपल्याकडे गावकीने मारून हाकलल्यावर रातोरात मुंबई गाठलेल्या माणसांच्या कहाण्या ज्यांनी घरात ऐकल्या आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

वीम्स सोळाव्या वर्षी आई झाल्या. नंतर सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या, नृत्य शिकल्या, शेतात आणि कारखान्यात काम केलं, डाव्या आणि स्त्रीवादी चळवळीत राहिल्या. विसाव्या वाढदिवसाला त्यांना कॅमेरा भेट मिळाला. पहिला विचार हाच होता की चळवळीच्या कामाला येईल. मग त्यांच्या हातात 'ब्लॅक फोटोग्राफर्स अॅन्युअल' हे कृष्णवर्णीय फोटोग्राफरांच्या कामाचं वार्षिक पडलं. आपल्या माणसांचे फोटो आपल्याच माणसांनी काढलेले आहेत, आणि ते इतके सुंदर आहेत, हे तिथे त्यांना दिसलं. वस्तीतल्या पोराच्या हातात पहिल्यांदा दलित आत्मकथन पडतं तेव्हा जे होतं तेच इथे झालं असणार.

त्यांचं पहिलं मोठं काम १९७८ ते १९८४ मधलं, 'फॅमिली पिक्चर्स अँड स्टोरीज'. विषय काय, तर स्वतःचं कुटुंब. आई, बाप, बहिणी, भाचरं, स्वयंपाक, भांडणं, हसणं. सोबत त्यांनीच लिहिलेला मजकूर आणि घरच्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज. वरवर पाहता हे साधं घरगुती अल्बम वाटतं. पण त्यामागे एक उत्तर होतं. १९६५ साली अमेरिकन सरकारच्या श्रम खात्यातले अधिकारी डॅनियल मॉयनिहन यांनी कृष्णवर्णीय कुटुंबावर एक अहवाल लिहिला होता. या समाजाच्या दैन्याचं मोठं कारण त्यांच्या विस्कटलेल्या, बाईच्या जोरावर चालणाऱ्या कुटुंबांत आहे, असा त्याचा सूर. गुलामगिरीने कुटुंबं विकली, फोडली, आणि शेवटी दोष कुटुंबाच्याच माथी. आपल्याकडेही हेच चालतं: वस्ती अस्वच्छ ठेवली जाते आणि मग 'त्यांना राहायची सवयच तशी' असं म्हटलं जातं. वीम्स यांनी त्या अहवालावर लेख लिहिला नाही. त्यांनी आपल्या घराचं दार उघडलं आणि म्हणाल्या, बघा, हे आमचं कुटुंब. गोडगोड करूनही दाखवलं नाही. मारामाऱ्या, चुकलेली पोरं, दारू, सगळं आहे. पण सांगणारं माणूस घरातलं आहे.

इथेच त्यांची शैली ठरून गेली. एकटा फोटो नाही, मालिका. फोटोसोबत शब्द. आणि सांगणारी व्यक्ती बाहेरची नाही.

टेबल, बाई आणि भिंतीवरचा माल्कम एक्स

१९९० साली आलेल्या 'किचन टेबल सीरिज'ने त्यांना नाव मिळवून दिलं. वीस फोटो आणि चौदा मजकुराचे फलक. जागा एकच: स्वयंपाकघरातलं लाकडी टेबल, वर लोंबता एकच दिवा. टेबलाच्या टोकाला एक बाई. ती वीम्स स्वतः आहेत, पण ते आत्मचरित्र नाही, पात्र आहे. टेबलाशी कधी पुरुष येऊन बसतो, पत्ते खेळतात, बिनसतं, तो जातो. मैत्रिणी येतात, धीर देतात. मुलगी आईचं बघून आरसा समोर धरून ओठांना लाली लावते. शेवटी बाई एकटीच पत्ते मांडून बसते. एका फोटोत मागच्या भिंतीवर माल्कम एक्स यांचं छायाचित्र आहे.

त्या भिंतीकडे आमचं लक्ष लगेच गेलं. आपल्याही घरात भांडण होतं, पोरीला रागावलं जातं, नवरा-बायकोचं बिनसतं, ते सगळं भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या देखत होतं. चळवळ आणि संसार एकाच खोलीत असतात. आपल्या चळवळीच्या इतिहासात मोर्चाचे फोटो आहेत, सभेचे आहेत, पण त्या मोर्चासाठी पहाटे भाकरी थापणाऱ्या, घरी परतल्यावर नवऱ्याशी हिशेब मांडणाऱ्या बाईचा फोटो शोधून सापडत नाही. वीम्स म्हणतात ती बाईसुद्धा इतिहास आहे, आणि तिच्याकडे बघायला दया लागत नाही. त्या फोटोंत मारहाण नाही, झोपडपट्टी नाही, रडणं नाही. कृष्णवर्णीय बाई फक्त पीडित म्हणूनच फोटोत यायची, तिथे ती विचार करणारी, प्रेम करणारी, चिडणारी माणूस म्हणून येते.

याच सुमाराच्या दोन मालिका आपल्या कामाच्या आहेत. 'एंट जोकिन' या १९८७-८८ च्या मालिकेत त्यांनी कृष्णवर्णीयांवरचे प्रचलित घाणेरडे विनोद फोटोंखाली मथळा म्हणून लावले. चारचौघांत हसून ऐकलेला विनोद भिंतीवर टांगल्यावर हसू येत नाही. आरक्षणावरचे विनोद ज्यांनी कॉलेजच्या कट्ट्यावर गिळले आहेत त्यांना हे ताबडतोब कळेल. 'कलर्ड पीपल' या १९८९-९० च्या मालिकेत त्यांनी मुलामुलींचे फोटो निळ्या, जांभळ्या, पिवळ्या रंगांत रंगवले. समाजाच्या आतही गोऱ्या-सावळ्याची जी उतरंड असते तिच्यावरच बोट ठेवलं. स्वतःच्या समाजाची टीका टाळायची नाही, हा गुण चळवळीतल्या कलावंताकडे असावाच लागतो.

लाल रंगातले फोटो

आता मुख्य गोष्ट. १९९५ साली लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात कृष्णवर्णीयांच्या जुन्या फोटोंचं एक प्रदर्शन होतं. संग्रहालयाने वीम्स यांना त्याला प्रतिसाद म्हणून काम करायला सांगितलं. त्यातून १९९५-९६ ची 'फ्रॉम हिअर आय सॉ व्हॉट हॅपन्ड अँड आय क्राइड' ही मालिका झाली. नावाचा अर्थ असा की जे घडलं ते मी इथून पाहिलं आणि रडले.

तीसहून अधिक फोटो. एकही त्यांनी काढलेला नाही. सगळे जुने, दुसऱ्यांनी काढलेले: गुलामांचे, दाया-मोलकरणींचे, शिपायांचे, पाठीवर फटक्यांचे वळ असलेल्या माणसाचे. आणि त्यात रेंटी, डेलिया, जॅक, ड्राना. वीम्स यांनी ते मोठे केले, रक्तासारखा लाल रंग दिला, कॅमेऱ्याच्या भिंगासारख्या गोल चौकटीत बसवले, आणि वरच्या काचेवर शब्द कोरले. शब्द त्या माणसांना उद्देशून आहेत, 'तुम्ही' म्हणून. तुम्हाला शास्त्राचा नमुना केलं गेलं, तुम्हाला स्वयंपाकीण केलं गेलं, अशा तऱ्हेने प्रत्येकाला उद्देशून. मालिकेच्या सुरुवातीला आणि शेवटी निळ्या रंगात एक आफ्रिकन स्त्री आहे, एकमेकींकडे तोंड केलेली तीच प्रतिमा. ती बघते आहे, ती साक्षीदार आहे.

यात काय झालं ते नीट बघा. अगासीझने या माणसांबद्दल बोलण्यासाठी फोटो काढले होते. वीम्स त्यांच्याशी बोलतात. फोटो तोच, चेहरा तोच. पण आता प्रेक्षकाला फोटोपर्यंत पोहोचायला काचेवरच्या शब्दांतून जावं लागतं. रेंटी यांच्याकडे बघताना आधी हे वाचावं लागतं की त्यांच्यावर काय केलं गेलं. आरोपी बदलला. आधी फोटोतला माणूस तपासला जात होता, आता फोटो काढणारा तपासला जातो.

हार्वर्डला हे आवडलं नाही. आमच्या मालकीच्या प्रतिमा परवानगीशिवाय वापरल्या म्हणून कोर्टात खेचू, अशी धमकी आली. वीम्स यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं आहे की त्या घाबरल्या, विचार केला, आणि मग त्यांचं उत्तर असं होतं की कायद्याने कदाचित माझी बाजू पडेल, पण नैतिक बाजू माझी आहे, तेव्हा खटला कराच, या गोष्टीची चर्चा कोर्टात होऊ दे. खटला झाला नाही. उलट पुढे हार्वर्डनेच त्या मालिकेतलं काम विकत घेतलं. पण मूळ पत्रे आपल्याच ताब्यात ठेवले.

त्याचाही निकाल शेवटी लागला. २०१९ साली टमारा लॅनियर या स्त्रीने, आपण रेंटी यांच्या वंशज आहोत असं सांगत, हार्वर्डवर दावा लावला. खालच्या कोर्टाने तो फेटाळला. २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने फोटोंची मालकी त्यांना दिली नाही, पण मानसिक त्रासाबद्दलचा दावा चालवायची मुभा दिली. आणि २०२५ च्या मे महिन्यात समझोता होऊन ते डॅगेरोटाइप दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन इथल्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयाकडे सोपवायचं ठरलं. ज्या राज्यात कपडे उतरवून फोटो काढले, त्याच राज्यात, पण आता त्यांच्या लोकांच्या संस्थेत. एकशे पंचाहत्तर वर्षं लागली. एका कलावंताने पंचवीस वर्षं आधी विचारलेला प्रश्न कोर्टात गेला, आणि हार्वर्डला हात सोडावा लागला.

नाकाची मापं आणि बाबासाहेब

कुणी म्हणेल, हे अमेरिकेचं झालं, आपला काय संबंध? संबंध थेट आहे. ज्या शास्त्राने रेंटी यांना नग्न उभं केलं त्याचाच पुढचा अवतार आपल्या नाकापर्यंत आला होता. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याने नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड वंशाने सिद्ध होते असा दावा केला. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असं त्याचं गणित. १९०८ साली त्यानेही 'द पीपल ऑफ इंडिया' याच नावाचा ग्रंथ काढला. म्हणजे ब्राह्मण आर्य, अस्पृश्य कुणी वेगळ्या वंशाचे, आणि विषमता जणू हाडामांसातच.

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात या सिद्धांताचा समाचार घेतला तो कसा? भावनेच्या भरात नाही. त्यांनी गोळा केलेली नाकाची मापंच हातात घेतली, प्रांताप्रांतांतली ब्राह्मणांची आणि अस्पृश्यांची मापं शेजारी ठेवली आणि दाखवून दिलं की दोघांचा वंश एकच ठरतो. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. मग अस्पृश्यतेचं मूळ वंशात नाही, ते दुसरीकडे शोधावं लागेल. विरोधकाचं हत्यार घेऊन विरोधकाचाच दावा मोडायचा. ज्या माहितीने आपल्याला नमुना बनवलं तिचीच साक्ष काढायची. वीम्स यांनी फोटोंचं जे केलं ते बाबासाहेबांनी आकड्यांचं केलं होतं.

हे दोन लढे एकमेकांना ओळखत होते. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागितली आणि डु बॉईस यांनी त्यांना उत्तर पाठवलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव ब्लॅक पँथरवरून घेतलं. अमेरिकेच्या कृष्णवर्णीयांचं साहित्य आपण वाचलं, त्यांचं राजकारण वाचलं. त्यांचे फोटो आणि फिल्म मात्र आपण फारसे वाचलेले नाहीत.

पाठमोरी बाई आणि उघडा सेट

२००६ पासून वीम्स यांनी आणखी एक मालिका सुरू केली. लांब काळा झगा घातलेली एक बाई, त्या स्वतः, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी. समोर पॅरिसचं लूव्र, लंडनचं टेट मॉडर्न, अशी जगातली मोठमोठी संग्रहालयं. ती आत जात नाही, ओरडत नाही, नुसती उभी आहे. आत कुणाचं काम लागलंय आणि कुणाचं नाही, हा प्रश्न तिच्या पाठीतून विचारला जातो. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरलं. ती प्रसिद्ध इमारत १९५९ सालची. तिथे असा मान मिळालेल्या त्या पहिल्या आफ्रिकन अमेरिकन स्त्री. पंचावन्न वर्षं एकीचीही पात्रता नव्हती असं समजायचं का? दार उघडलं ते आतल्यांच्या उदारपणामुळे नाही, बाहेर कुणीतरी इतकी वर्षं उभं राहिलं म्हणून.

त्यांच्या फिल्म याच रस्त्यावरच्या आहेत. २००८ च्या 'कन्स्ट्रक्टिंग हिस्ट्री'मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन साठच्या दशकातल्या हत्या पुन्हा उभ्या केल्या: केनेडी, मार्टिन ल्यूथर किंग आणि इतर. पण सेट लपवला नाही. दिवे दिसतात, कॅमेऱ्याचे रूळ दिसतात. इतिहासाचं चित्र कुणीतरी रचलेलं असतं हे त्यांना दाखवायचं आहे, आणि ज्यांचा जन्म त्यानंतरचा आहे त्या पोरांच्या अंगात तो इतिहास उतरवायचा आहे. २०१६ च्या 'पीपल ऑफ अ डार्कर ह्यू'मध्ये पोलिसांच्या हातून मेलेल्या कृष्णवर्णीयांचा विषय आहे. २०२१ च्या 'द शेप ऑफ थिंग्ज'मध्ये प्रेक्षकाला गोल पडद्यासमोर उभं करून सर्कशीची जुनी दृश्यं आणि अलीकडचं हिंसक राजकारण सात भागांत दाखवलं. आणि २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा त्यांनी कलादालनाची वाट पाहिली नाही. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूळनिवासी वस्त्यांत मृत्यू जास्त होत होते, म्हणून पोस्टर, फलक, पिशव्या छापून रस्त्यावर आणल्या. मॅकआर्थर फेलोशिप २०१३ मध्ये मिळाली, हॅसलब्लाड पुरस्कार २०२३ मध्ये. पण त्यांची मोजपट्टी पुरस्कारांची नाही.

आपल्या मोबाइलमधले फोटो

आता स्वतःकडे बघू. इथे आम्हाला आपल्याच लोकांशी थोडा वाद घालायचा आहे.

कुठे अत्याचार झाला की तासाभरात आपल्या ग्रुपवर फोटो येतो. ठेचलेला चेहरा, फाटलेले कपडे, पोरीचं प्रेत. आपण तो पुढे पाठवतो. खाली 'निषेध' लिहितो. आम्हीही पाठवले आहेत. पण त्या माणसाच्या आईला कुणी विचारलं का? फोटोखाली त्याचं नाव असतं का, तो काय काम करायचा हे असतं का? पुष्कळदा नसतं. असते फक्त जात. मग सांगा, 'द पीपल ऑफ इंडिया'च्या पानात आणि आपल्या पोस्टमध्ये फरक काय राहिला?

यावर उत्तर येतं, आणि ते खोटं नाही: फोटो नसता तर कुणी विश्वास ठेवला असता? २००६ मध्ये खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली तेव्हा प्रस्थापित माध्यमांना जाग यायला किती दिवस लागले ते आपल्याला ठाऊक आहे. फोटो समाजात फिरले, लोक रस्त्यावर आले, तेव्हा देशाने पाहिलं. म्हणून पुरावा दाखवूच नका असं आम्ही म्हणत नाही.

पण १९५५ सालची एक गोष्ट लक्षात ठेवा. मिसिसिपीमध्ये चौदा वर्षांच्या एमेट टिल या मुलाला गोऱ्यांनी हालहाल करून मारलं. त्याची आई मॅमी टिल यांनी शिकागोत शवपेटी उघडी ठेवली. माझ्या पोराचं काय केलं ते जगाने पाहावं, हा त्यांचा निर्णय होता. तो फोटो 'जेट' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकात छापला गेला आणि नागरी हक्कांच्या लढ्याला त्याने धग दिली. फोटो भयंकर होता. पण तो आईने दाखवला होता, आपल्या माणसांच्या छापखान्यातून दाखवला होता, आणि मुलाच्या नावासकट दाखवला होता. रेंटी यांच्या फोटोत आणि एमेट टिलच्या फोटोत हा फरक आहे.

वीम्स यांच्यावरही आक्षेप आहे की रेंटी आणि डेलिया यांना त्यांनी पुन्हा प्रेक्षकांसमोर आणलं. हा आक्षेप फेटाळून टाकण्यासारखा नाही. पण त्यांनी तो फोटो तसाच फेकला नाही. रंग दिला, शब्द दिले, साक्षीदार उभी केली. जितकी जबाबदारी त्यांनी घेतली तितकी तरी आपण घ्यायला हवी.

आपल्याकडेही ही वाट काढणारे आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'मध्ये शाळेच्या भिंतीवरचे महापुरुष बघत असतात आणि समोरून डुक्कर वाहून नेलं जातं. आणि शेवटचा दगड थेट बघणाऱ्यावर येतो. कॅमेरा आपल्या हातात आला आहे. आता तो कसा धरायचा हे ठरवायचं आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचं सांगणं साधं आहे. अत्याचाराचा फोटो टाकण्याआधी घरच्यांना विचारा. नाव लिहा, गाव लिहा, तारीख लिहा, आरोपींवर कोणती कलमं लागली ते लिहा. त्याच माणसाचा हसतानाचा, कामावरचा, लग्नातला फोटो मिळाला तर तो आधी लावा. नामांतराच्या लढ्यातले, पँथरच्या सभांचे, पन्नास वर्षांपूर्वीच्या भीमजयंतीचे फोटो कुणाच्या तरी ट्रंकेत वाळवी खात पडले आहेत. ते बाहेर काढा, स्कॅन करा, आणि त्यातली माणसं ओळखणारी म्हातारी माणसं आहेत तोवर फोटोच्या मागे पेन्सिलीने प्रत्येकाचं नाव लिहून घ्या. घरातल्या बायकांचे, त्यांच्या रोजच्या कामातले फोटो त्यांना विचारून काढा, आणि त्याखाली त्यांचंच म्हणणं लिहा.

येत्या रविवारी आजीजवळ बसा. ट्रंक उघडा. आजोबांच्या त्या कोट चढवलेल्या फोटोविषयी विचारा, मूळ फोटोत त्यांच्या अंगावर काय होतं ते. सुरुवात तिथून होईल.

जयभीम.